दहा वर्षांचा फ्लू

सुरुंगाची वात पेटवायची, "हुश्शाऽर!" अशी आरोळी ठोकायची आणि खाणीच्या काठावरच्या थोराड दगडामागं पळायचं, हे सयाजी वर्षानुवर्षं करत आला होता. त्या सकाळी त्यानं वात पेटवली, आरोळी ठोकली आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. वात सुरसुरत भोकाकडं निघाली होती आणि सयाजी तिच्याकडं असा बघत होता, जणू शेजारच्याचं पोरगं रांगतंय.

सुरुंगावरच्या जोडीदारानं, भैरूनं, त्याला धोतराला धरून फरफटत दगडामागं आणलं. धोंडे उडाले, खाली आले, धुरळा बसला. भैरूनं त्याच्या मुस्काटात दिली तेव्हा सयाजीनं शांतपणे विचारलं, "वाजला का?"

सयाजी मूळचा निघोज्याचा. शेत एवढंसं, भाऊ मोप, म्हणून हा चिंचवडच्या वरच्या अंगाला असलेल्या अर्जुनरावांच्या खाणीवर आला. पुण्याकडं नव्या इमारतींचे पाये भरत होते आणि दगडाला मागणी होती. पहिल्याच उन्हाळ्यात त्याची कंबर धरली. खाणीवरच्या एका म्हाताऱ्या जमादारानं मुगाएवढी अफूची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, "गिळ. कंबर हाय का न्हाई, ते बी कळायचं न्हाई." खरंच कळलं नाही. गोळी मुगाची वाटाण्याएवढी झाली, वाटाण्याची बोराच्या बीएवढी. परवान्यावर मिळणारं माप सरकार दरसाल कमी करत होतं, तसा सयाजी चोरून घेऊ लागला.

अर्जुनराव शिव्या देणारा माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला, "सयाजी, सुरुंगाला तुझ्यासारखा हात नाही. पण तो हात तुझा की अफूचा, ते आधी ठरव. तोवर खडी फोड."

खडी फोडायचं सयाजीला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसरंच. वात जळत होती, मरण चार हातांवर होतं आणि त्याला भीती वाटली नव्हती. त्या न वाटलेल्या भीतीची भीती त्याला आठवडाभर पुरली. मग एका सकाळी त्यानं अफूची डबी बायकोच्या ओटीत टाकली. अंबूबाई तडक पवनेवर गेली आणि डबी डोहात फेकून आली.

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मागंच सांगून ठेवलं होतं, "घरी सोडायला जाऊ नकोस, हाल होतील. एक दिवस काही न घेता माझ्याकडं ये. मी ठेवून घेतो. थेंबाथेंबानं उतरवू."

पण ते सांगणं उन्हाळ्यातलं. जूनमध्ये साथ आली. ती परमुलखातून जहाजानं मद्रासला उतरली म्हणत, तिथून मुंबईला, मुंबईहून रेल्वेनं इकडं. सत्तावन्न साल भल्याभल्यांना अंथरुणाला खिळवून गेलं. कारखान्यांच्या शिफ्टा अर्ध्यावर आल्या. चिंचवडातल्या शाळेची बाकं बाहेर काढून वर्गांत खाटा टाकल्या, आणि दवाखानाच तिकडं हलला.

अंबूबाई सयाजीला घेऊन त्या शाळेत पोचली तेव्हा त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं. जांभयांवर जांभया येत होत्या. सोललेल्या कोंबडीसारखा अंगावर काटा, हाडं कुणी मोडतंय अशी कळ. दारात कंपाउंडर सोपानराव बसला होता. नाकातोंडावर फडकं, वरून कानांवर मफलर.

"डाक्टरसायेब कुठं हायेत?" अंबूबाईनं विचारलं.

"ते स्वतःच आडवे झालेत. काय होतंय यांना?"

"अफूचं हाय."

"फ्लूचं ना? ते दिसतंयच."

अंबूबाई क्षणभर अडखळली. मग तिला वाटलं, शिकलेल्या माणसांच्या तोंडी गावचा शब्द असाच बदलून येत असेल. आपण टेसन म्हणतो, ते स्टेशन म्हणतात. आपली अफू, तर यांची फ्लू.

"व्हय, फ्लूच," ती ठासून म्हणाली. "धा वर्षांची."

सोपानराव फडक्याआड खदखदून हसला. "दहा वर्षांचा फ्लू! बाई, दहा दिवसांचा तरी म्हणा. चला, चौथीच्या वर्गात न्या."

सयाजी ऐकत होता. पण दात एकमेकांवर आपटत असताना माणूस शब्द दुरुस्त करत बसत नाही.

चौथीच्या वर्गात फळ्यावर अजून पाढे होते. शेजारच्या खाटेवर पिंपळे गुरवचे आबाजी नावाचे म्हातारे होते. बोलताना त्यांना धाप लागायची, तरी बोलल्याशिवाय राहवत नसे. "साथ मोठी इमानदार हाय गड्या," ते म्हणाले. "गरीब बघत न्हाई, श्रीमंत बघत न्हाई. फकस्त आमचा पाटील अजून शिंकला न्हाई. दिलेलं कर्ज मागंल म्हून साथ बी त्याला दबून आसंल."

सोपानरावानं सगळ्यांना आठवडाभराच्या पुड्या दिल्या. मळकट तपकिरी पूड. सयाजीनं त्यातली एक जिभेवर टाकली आणि पाणी प्यायला.

थोड्या वेळानं पोटात एक ऊब उठली. नाक सुकलं. हाडांतली कळ मागं हटली. सगळा वर्ग खोकत, कण्हत होता आणि त्याच्या मधोमध सयाजी सावलीत बसलेल्या बैलासारखा डोळे मिटून होता. ही ऊब त्याच्या ओळखीची होती. डोहात फेकलेली डबी दुसऱ्या दारानं घरात आली होती.

आता सांगावं, आपला आजार फ्लूचा नाही, अफूचा. सोपानराव समोरच उभा होता. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"बरं हाय," सयाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक तरुण डॉक्टर आला. त्यानं आबाजींच्या छातीला नळी लावली, आणि त्याचा चेहरा बदलला. "यांची पुडी आजपासून बंद," तो सोपानरावाला म्हणाला. "त्यात अफू असते. छाती इतकी भरल्यावर ती दिली तर श्वासच झोपी जाईल."

सयाजीनं डोळे मिटून घेतले. कळायचं ते तोंडानं कळलं होतं. आता कानांनीही कळलं.

पुढच्या सकाळी आबाजींची खाट रिकामी होती. दुपारी तिच्यावर दुसरा माणूस होता. मधल्या वेळात सयाजीनं आबाजींच्या उशाखालच्या, त्यांनी न घेतलेल्या पुड्या काढून आपल्या मुंडाशात खोचल्या. प्रेत अजून व्हरांड्यातच होतं.

त्याला लवकर घरी सोडलं. इतक्या झटपट बरा झालेला रोगी सोपानरावानं पाहिला नव्हता. अंबूबाईनं आळीत गूळ वाटला. "सुटली म्हना की!" ती नवऱ्याला म्हणाली. आणि सयाजी म्हणाला, "सुटली." तिनं मुंडाशातल्या पुड्या पाहिल्या होत्या. दवाखान्याचं औषध म्हणून तिनं त्या नीट फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवल्या. नवरा रोज औषध घेतो याचा तिला आनंद होता. अर्जुनरावांचा निरोप आला, सोमवारपासून सुरुंगावर ये.

सोमवार येण्याआधी अंबूबाईला ताप चढला. खराखुरा. दुसऱ्या दिवशी तिला आडवं झोपता येईना. श्वास असा वाजू लागला, जणू छातीत कुणी ओली वाळू चाळतंय. सयाजी नदीवरून पाणी घेऊन आला तेव्हा शेजारची शालनबाई तिच्या उशाशी बसली होती, आणि तिच्या हातातली वाटी अंबूबाईच्या ओठांना लागली होती.

"काय देतीस?" सयाजी दारातूनच ओरडला.

"तुमचीच पुडी, दाजी. अंबूच म्हनली, धन्याला हिनंच उठवलं. दोन एकदमच कालवल्या, गुन लवकर—"

सयाजीनं हंडा टाकला आणि वाटीवर झडप घातली. तपकिरी पाणी भिंतीवर उडालं.

"येड लागलं काय!" शालनबाई किंचाळली. "बायकोला औषध देईनासा माणूस!"

"त्यात अफू हाय."

खोलीत फक्त ती वाळू चाळली जात राहिली. अंबूबाईनं मान वळवली. एकेक शब्दाला श्वास गोळा करत तिनं विचारलं, "मग तुमी... बरं कशानं झालात?"

"झालोच न्हाई," सयाजी म्हणाला.

ती रडली नाही, भांडली नाही, तेवढा श्वास तिच्याकडं नव्हता. सयाजीनं कोनाड्यातलं फडकं घेतलं, उरलेल्या पुड्यांसकट चुलीत घातलं आणि जळून राख होईस्तोवर फुंकणीनं फुंकत बसला. मग तिच्या पाठीमागं बसून तिला आपल्या अंगाला टेकवून उठतं बसवलं. तसं बसवलं की श्वास जरा बरा चालायचा.

शालनबाई शाळेकडं धावली. दिवस कलला. सयाजीला पहिली जांभई आली, मग दुसरी. नाकातून पाणी आलं. अंगावर काटा फुलला. पोटऱ्यांत पेटके आले, तरी त्यानं पाय हलवला नाही, कारण हलला असता तर ती घसरली असती.

शालनबाई परतली ती उंबऱ्याशीच थबकली. आत दोघंही थरथरत होती. तिनं पदर नाकाला लावला. "तुमाला बी फ्लू उलटला जनू," ती लांबूनच म्हणाली. "शाळेत आत्ता खाट न्हाई. सकाळी एखादी मोकळी व्हईल, म्हनले."

"सकाळी," सयाजी म्हणाला.

शालनबाई गेली. जाताना तिनं दार बाहेरून ओढून घेतलं. अंधार पडू लागला होता. सयाजीनं अंबूबाईच्या पाठीला कान लावला. पण त्याचेच दात इतके जोरानं आपटत होते, की त्यांच्याखाली दुसरा आवाज आहे की नाही, ते त्याला कळेना.