एका कार्बनचा फरक

खंडेनवमीला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तराजू, बर्नर, बाटल्या, सगळ्यांची पूजा होते. यंदा लॅब सांभाळणाऱ्या शिंदेमामांनी हौसेने बाटल्यांवरची जुनी, डागाळलेली लेबलं खरवडून नवी चिकटवली. दोन बाटल्यांवर सुरेख अक्षरात एकच शब्द, 'अल्कोहोल', आणि वर हळदकुंकवाची बोटं.

"मामा, यातलं एक मिथेनॉल होतं, दुसरं इथेनॉल!"

"पण मॅडम, दोन्ही अल्कोहोलच ना? तुम्हीच तर वर्गात सांगता."

माझं डोकंच फिरलं. सांगते, पण पुढचंही सांगते ना! फरक एका कार्बनचा, पण हाताचे जंतू मारायला चोळतो ते इथेनॉल, आणि चुकून पोटात गेलं तर डोळे घालवतं ते मिथेनॉल. आडनाव एक म्हणून भावाभावांचे स्वभाव एक होतात का? मुलंही पेपरात हाच घोळ घालतात आणि वर मार्कांसाठी भांडतात.

रागारागाने मी दोन्ही बाटल्या खिडकीच्या उजेडात धरल्या. दोन्ही पाण्यासारख्या नितळ. शिंदेमामा पेन उघडून अदबीने म्हणाले, "कुठली कुठली ते सांगा, लगेच लिहितो."

वीस वर्षं हा फरक शिकवतेय मी. बघून मला सांगता येईना.