तिसऱ्या धुण्याचं पाणी

लॅबमधल्या चौथ्या बॅचच्याही पेशी मेल्या, तेव्हा डायरेक्टर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "जाधवबाईंचं कॉन्ट्रॅक्ट सोमवारी संपतंय. रिन्यू करायचं नाही."

सुनीता जाधव माझी टेक्निशियन. माहेर वैजापूरकडचं, राहायला मुकुंदवाडीत. हात इतका स्वच्छ की सहा वर्षांत तिच्या डिशला कधी बुरशी आली नाही. मला राग आला. पेशी का मरतात ते सोमवारच्या आत शोधायचं ठरवलं.

आम्ही चेतापेशी वाढवायचो. या पेशी नुसत्या प्लास्टिकवर टिकत नाहीत. म्हणून डिशच्या तळाला पॉलिलायसिन नावाच्या द्रव्याचा थर द्यायचा. त्यावर धन विद्युतभार, पेशीच्या अंगावर ऋण, त्यामुळं पेशी चिकटून बसतात. आमच्या चिकटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गोल होऊन सुटायच्या.

मी पॉलिलायसिनची बाटली बदलली. मीडियम, म्हणजे पेशींचं खाणं, तेही बदललं. पेशी उबेत ठेवायचा इनक्युबेटर तपासला. हाती काही लागेना. शेवटी गुरुवारी स्टूल ओढून सुनीताशेजारी बसले.

तिनं थर दिला, तासभर थांबली, द्रव काढून घेतला, डिश एकदा धुतली आणि वाळत ठेवली.

"एकदाच?"

"व्हय मॅडम."

"तीनदा धुवायची असते ना? सुटं पॉलिलायसिन मागं राहिलं तर पेशींना तेच विष."

"आधी तीनदाच धूत होते. पण आता नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. डिस्टिल्ड वॉटर काढताना लई पाणी वाया जातं. अन् तुमची पाटी आहे की."

भिंतीवर माझंच अक्षर होतं: 'पाणी कमीत कमी वापरा. अपवाद नाही.' खाली माझी सही.

"अगं, मग विचारायचं ना मला."

"विचारलं होतं. तुम्ही पाटीकडं बोट दाखवलं."

मला खरंच आठवत नव्हतं. पण मी तसं करणारीच आहे.

त्या दिवशी डिशा तीनदा धुतल्या आणि त्यात नव्या पेशी सोडल्या. सोमवारी सकाळी पेशी जागेवर होत्या, त्यांना फांद्या फुटू लागल्या होत्या. मी पाटी उतरवली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"ही पाटी पाळायची म्हणून सुनीता डिशा तीनदाऐवजी एकदाच धूत होती. चूक माझी आहे. सहीसकट."

साहेबांनी वाचली. "मग आता तुमचं काय करायचं?"

"काही करता येणार नाही साहेब. मी पर्मनंट आहे."

ते हसले नाहीत, पण सुनीताच्या रिन्युअलवर सही केली. मला मात्र दिवसभर लाज वाटत राहिली. माझी चूक, आणि नोकरी तिची जाणार होती.

नवी पाटी सुनीतानं लिहिली: 'पाणी जपून वापरा. डिशा मात्र तीनदा धुवा.' सही करण्याआधी मी ती दोनदा वाचली, आणि तिला विचारलं, "काही राहिलं का गं?"