बसून पक्षी कोण बघतं

सुताराला गल्लीत सगळे ओळंबा म्हणत. कुणाच्याही घरी गेला की चहा येण्याआधी तुमची चौकट तिरकी आहे असं सांगायचा. सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड मात्र शाबूत राहिलं. तेव्हापासून तो पलंगावर पडल्या पडल्या घर सरळ करत होता. कॅलेंडर वाकडं लागलंय. पडदा एका बाजूने बोटभर खाली आलाय. उशी अशी नाही, अशी.

बायको कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायला होती. तिची रजा रविवारी संपत होती, सोमवारपासून कामावर जायचं होतं. व्यायाम केंद्राची गाडी त्याला रोज सकाळी दारातून न्यायला आणि संध्याकाळी आणून सोडायला तयार होती. फक्त त्याने चाकाच्या खुर्चीत बसायला हवं होतं. आणि तो बसत नव्हता.

"लोकांपुढे पोत्यासारखा ढकलून घेणार नाही," तो म्हणाला होता. एकदा नाही, रोज.

तो गेला नाही तर तिला नोकरी सोडावी लागणार होती.

शनिवारी तिने शेवटचा उपाय केला. खाडीच्या मुखाशी राखीव पाणथळ होतं. तिथे पक्षी बघायला लाकडी खोली बांधलेली होती. प्रवेश फुकट, फाटकावर चाकाची खुर्ची फुकट, वाटेत एकही पायरी नाही. शिवाय ती खोली बारा वर्षांपूर्वी त्यानेच बांधली होती.

"निदान स्वतःचं काम बघायला तरी चला," ती म्हणाली. त्यावर त्याला नाही म्हणता येईना.

मोठी नणंद न बोलावता टॅक्सीत येऊन बसली.

"फुकट म्हणतायत, पण बाहेर पडताना काहीतरी मागतील बघ," फाटकावर ती कुजबुजली. तिची कुजबूज नेहमीच रस्त्यापलीकडे ऐकू जायची.

"काही मागत नाही, आजी," फाटकावरची मुलगी म्हणाली. "फक्त हळू बोला. पक्षी उडतात."

"आजी कुणाला म्हणतेस गं?"

टॅक्सी निघून गेली होती. एका पायावर किती वेळ उभा राहणार? ओळंबा खुर्चीत बसला, पण असा, की जणू खुर्चीवर उपकार करतोय. लाकडी वाटेवर बायको ढकलत होती आणि तो बोलत होता. हा खिळा वर आलाय. कठड्याला रंग कुणी दिला, आंधळ्याने? जरा सरळ चालव, डावीकडे ओढतेयस.

"तुम्हीच उतरून ढकला मग," ती म्हणाली. घामाने तिचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि तो वर करायला हात मोकळा नव्हता.

खोलीत पाच-सहा माणसं लांबट खिडकीला लागून उभी होती. "बापरे, केवढे आहेत! अख्खा चिखल पांढरा झालाय," कुणीतरी हळूच म्हणालं. जागा करून तिने खुर्ची पुढे नेली. ओळंब्याच्या नाकासमोर फळ्या आल्या. खिडकी त्याच्या डोक्याच्या वर होती. त्याने मान उंचावली, तर आभाळाची एक पट्टी दिसली, आणि तीही रिकामी.

नणंद भडकली. "कुठल्या मेल्याने बांधलंय हे? बसलेल्या माणसाला काही दिसू नये?"

बायकोला बारा वर्षांपूर्वीची रात्रीची जेवणं आठवली. खोलीच्या मूळ नकाशात खाली एक दुसरी खिडकी होती. ओळंब्याने कामावरच्या साहेबाशी आठवडाभर भांडून ती रद्द करून घेतली होती. बसून पक्षी कोण बघतं? वरच्या खिडकीची उंचीही त्याने टेप न लावता, फळीला स्वतःची छाती टेकवून ठरवली होती, आणि घरी येऊन ते अभिमानाने सांगितलं होतं.

गप्प बसता आलं असतं.

"ह्यांनीच बांधलंय, वन्सं."

नणंद पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाली, "अगं बाई."

मागून फाटकावरची मुलगी आली. "खाली खिडकी पाडायला दोन सुतार येऊन गेले. पण कुठली फळी काढली तर छप्पर खाली येईल, हेच त्यांना कळेना. हात न लावता परत गेले."

"गाढव आहेत," ओळंबा फळ्यांकडे बघत म्हणाला. "डावीकडून चौथी ते सातवी. मागे खांब नाही, नुसत्या ठोकल्यात." मग बायकोकडे न बघता, "टेप आहे?"

तिच्या पिशवीत कापड मोजायची टेप कायम असायची. त्या टेपला तो आजवर गांडूळ म्हणत आला होता. ओढलं की लांबतं.

"गांडूळ आहे. चालेल?"

"मोज. जमिनीपासून डोळ्यापर्यंत."

"ताठ बसा. मगाचपासून पोत्यासारखे बसलायत."

तो ताठ बसला. पाठ खुर्चीला टेकवली, डावा पाय उजव्या हाताने उचलून पाय ठेवायच्या पट्टीवर नीट घेतला, आणि सगळ्या लोकांसमोर हनुवटी वर करून मोजून घेतलं. तिने आकडा सांगितला. त्याने परत मोजायला लावलं. आकडा तोच आला. तरी तिसऱ्यांदा मोजायला लावलं.

"सोमवारी येऊन रेषा मारून देतो," तो मुलीला म्हणाला. "कापताना मी समोर हवा, नाहीतर वाट लावतील."

"सोमवारी मी कामावर," बायको म्हणाली.

"तुला कोण बोलावतंय? ती व्यायामाची गाडी ह्याच रस्त्याने जाते ना? ड्रायव्हरला सांग, आधी इथे थांबायचं."

ती टेप गुंडाळत होती. सात महिने, डॉक्टर, जाऊबाई, शेजारी, हात जोडणं, रडणं. आणि शेवटी चार फळ्या. टेप त्याच्या डोक्यात घालावी असं तिला मनापासून वाटलं.

"आठ वाजता येते गाडी," ती म्हणाली. "तयार राहा."

"टेप घरी ठेवून जा," ओळंबा म्हणाला.