नदीपलीकडची घरपट्टी

ऑर्व्हिल टेस्मरला विस्कॉन्सिनमधल्या जिल्ह्याजिल्ह्यांचे घरपट्टीचे दर तोंडपाठ होते. शुक्रवारी तळलेले मासे खायला आम्ही बारमध्ये जमलो, की बिअरचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत हा सुरू व्हायचा. "आपण इथं मूर्खासारखे भरतोय. नदीपलीकडच्या जिल्ह्यात निम्मा दर आहे, निम्मा!"

"मग जा की पोहत," मी म्हणायचो. जुना शेजारी म्हणून मला तेवढी सवलत होती.

एका डिसेंबरात पट्टीचं बिल आलं आणि तो खरोखरच पलीकडे राहायला निघाला. त्याची बायको आर्डिस एवढंच म्हणाली, "अरे, पण लीनाशेजारच्या जागेचं काय?"

लीना त्यांची मुलगी. लहानपणीच गेली. आमच्या गावच्या दफनभूमीत पाइनच्या झाडाखाली आहे. दफनभूमी गावच्या घरपट्टीवर चालते, त्यामुळे तिथं जागा फक्त पट्टी भरणाऱ्यांना. लीनाशेजारच्या दोन जागा टेस्मर नवराबायकोच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रीतसर मात्र काहीच केलेलं नव्हतं.

"नदी ओलांडली म्हणून परके होतो काय आपण?" ऑर्व्हिल हसला. "बघू नंतर."

पलीकडे पट्टी खरंच निम्मी निघाली. रस्त्यावरचं बर्फ काढायला गाडी आमच्यासारखी पहाटे नाही, दुपारी यायची, पण तेही तो कौतुकानं सांगायचा. शुक्रवारी आमच्या बारमध्ये येताना मात्र आर्डिस त्याला आधी लीनाच्या पाइनकडे गाडी न्यायला लावायची. बारमध्ये बसल्यावर हळूच विचारायची, "जागेचं बोललास?"

"बोलतो गं."

दोन हिवाळे गेले आणि तिसऱ्यात आर्डिस गेली. ऑर्व्हिल गावच्या कचेरीत डेलोरिसकडे गेला, मी सोबत होतो. जागांचं तीच बघते.

"तुम्ही गाव सोडलंत तेव्हाच जागा मोकळ्या झाल्या," ती मान खाली घालून म्हणाली. "दोन्ही क्रूगर कुटुंबानं घेतल्या. त्यांचा म्हातारा तिथंच निजलाय, ऑर्व्हिल. त्याला उठवू का आता?"

"दर कितीही लावा," ऑर्व्हिल म्हणाला. "दुप्पट लावा. आत्ता भरतो."

डेलोरिसला रडू फुटलं. मला त्याची चीड आली. इतकं मोजणाऱ्या माणसानं हे कसं नाही मोजलं?

आर्डिसला नदीपलीकडेच पुरलं. तिथं तिच्या ओळखीचं कुणी नाही.

परवा बारमध्ये एका तरुण जोडप्यानं ऑर्व्हिलला पलीकडचा दर विचारला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"इथंच राहा," तो म्हणाला आणि ताट सरकवून उठला.