गजाचा एका हाताचा गेम

आज जिवलग मित्राच्या तेरवीत मी फुकटचं कौतुक पदरात पाडून आलो.

वरून पोटभर जेवलो.

गजा. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतला, माझा लहानपणचा दोस्त. किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा नागपूरला डायलिसिस, एका वेळी चार तास.

त्याच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याच्या बाबांनी बोनस झाल्यावर सीताबर्डीवरून आणलेला. आमच्या लाइनीतली सगळी पोरं त्यांच्या क्वार्टरमध्ये पडलेली असायची. काकू ओरडायच्या आणि मग सगळ्यांना चहाही द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी तोच गेम पिशवीत घालून गजा माझ्याकडे आला.

मी जुन्या गेमचे बोर्ड कापून, छोटी स्क्रीन आणि बॅटरी लावून हातात मावणारे गेम बनवतो. हौस आहे. व्हिडिओही टाकतो. तुम्ही पाहिले असतीलच, मी पाहायला लावतोच.

"पंक्या, याचा हातात धराचा बनवून दे. तिथं छत पाहून पाहून मी आता पंख्यासंगं बोलून राहिलो."

"देतो ना बे."

"पण एक आयक. डाव्या हातात सुया रायतात, तो हालवता येत नाही. सगळे बटनं उजवीकडंच पायजेत. एका हातानं खेळता आलं पायजे मले."

मी हो म्हटलं. वहीत लिहिलंसुद्धा.

मग त्याच्या बाबांनी आणलेला तो गेम उघडला, करवतीने बोर्ड कापला, केसासारख्या बारीक वायरी एकेक करून सोल्डर केल्या. स्विचबोर्डच्या पांढऱ्या पेटीत सगळं बसवलं.

आणि बटणांपाशी येऊन अडलो.

सगळी बटणं उजवीकडे घेतली की ते ध्यान दिसत होतं. एक बाजू गच्च, दुसरी टकली. आमच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकलं असतं तर लोक हसले असते.

म्हणून मी डावीकडे बाण लावले, उजवीकडे बटणं. सगळ्यांच्या गेमला असतात तशी.

मी विसरलो नव्हतो. वही समोर उघडी होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण कुणी विचारलं असतं तर मी "विसरलो" असंच सांगितलं असतं.

व्हिडिओ टाकला. "आजारी मित्रासाठी." डोळ्यात पाणी आलेल्या स्माइल्या आल्या. तुमच्यापैकी कित्येकांनी टाकल्या होत्या.

मग गेम गजाला दिला.

त्याने तो हातात घेतला. डावा अंगठा बाणांवर गेला आणि तिथंच थांबला. क्षणभरच. मग हसला.

"झकास झाला बे."

"बटणांचं नंतर करून देतो. महिन्याभरात आण परत."

"राहू दे. तू येजो ना एखाद्या मंगळवारी. पाहजो कसा खेळतो त."

"येतो."

गेलो नाही.

ते डायलिसिस सेंटर माझ्या ऑफिसपासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. कधी मीटिंग, कधी ऊन, कधी मुलीची परीक्षा. खरं कारण एकच. तो गेम त्याच्या उशाशी नुसता पडलेला मला पाहायचा नव्हता.

आज जेवणं झाल्यावर एक म्हातारे काका जवळ आले. काटोलचे, संत्र्याचे व्यापारी. डायलिसिसला एसटीने येतात.

"तुमीच का जी पंकजभाऊ? गेमवाले?"

मी मान हलवली.

"गजाभाऊ माह्या बाजूच्या खाटेवर. त्याच्या डाव्या हातात सुया, माह्या उजव्या. मधात स्टूल, अन् स्टुलावर तुमचा गेम. त्यानं बाण दाबाचे, म्या उडी माराची. माही उडी चुकली का वरडे, काका, हा संत्र्याचा लिलाव नाही, लवकर बोला! सिस्टरनं किती डाव झापलं आमाले."

मी हसलो. खरंच हसू आलं.

मग काकांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"पण काय डोकं लावलं जी तुमी! गजाभाऊ साऱ्याइले सांगे, माह्या दोस्तानं मुद्दामच दोघाइचा बनवला. मी तिथं एकटा पडू नये म्हणून."

खरं बोलायची ती वेळ होती. चार माणसं आजूबाजूला होती. गजाची बायको, शीतल वहिनी, पाण्याचा जग घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

मी म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं."

तेही मान खाली घालून, विनयाने.

वहिनींना खरं माहीत होतं का? माहीत नाही. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

माझी लाज गजाने झाकली. पडल्या पडल्या, हातात सुया असताना, मला शिव्या घालायच्या सोडून. आणि तो गेल्यावरही मी तेच पांघरूण ओढून बसलो.

तुम्ही त्या व्हिडिओखाली जे चांगलं लिहिलं होतं, ते माझं नाही. मी माझ्या मित्राला त्याचा हात चालणार नाही असा गेम दिला. लोकांनी हसू नये म्हणून. त्यातून वाट गजाने आणि काकांनी काढली.

निघताना वहिनींनी तो गेम काकांना दिला. काकांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "नेतो जी. पण एकट्याच्या हातानं नाही जमत हा."

परवा मंगळवार आहे. मी सेंटरवर जाणार आहे. आधी काकांना खरं सांगेन. त्यानंतरही त्यांनी बसू दिलं, तर बाण मी दाबेन.

भावपूर्ण वगैरे शब्द मला आज लिहवत नाहीत.

गजा, येतो म्हटलं होतं.

आता येऊन राहिलो गा. लय उशीर केला.