ऑक्सिडीकरणाचा अर्थ

बाबांची फुप्फुसं कडक होत चालली, तेव्हा सटाण्याचं घर बंद करून मी त्यांना गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. खिडकीशी पलंग, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला आता एका दमात वाक्य पुरं होत नव्हतं.

मी दहावीला विज्ञान शिकवते. एका दुपारी त्यांच्या उशाशी बसून धडा मोठ्यानं वाचत होते. ‘ऑक्सिडीकरण’ ऐकून त्यांनी डोळे उघडले, हा शब्द कुठून आला म्हणून विचारलं.

ऑक्सिजनवरून, मी सांगितलं. पदार्थाचा ऑक्सिजनशी संयोग झाला की ऑक्सिडीकरण. लोखंड गंजतं, लाकूड जळतं, खाल्लेल्या अन्नातून अंगात शक्ती येते, ती त्यामुळेच. पुढे अर्थ रुंदावला; आता पदार्थानं इलेक्ट्रॉन गमावले तरी ऑक्सिडीकरणच म्हणतात, ऑक्सिजन असो वा नसो. आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आंबट. सगळी आम्लं याच वायूमुळे होतात असं एका फ्रेंच शास्त्रज्ञाला वाटलं, म्हणून नाव ‘आम्ल करणारा’. समजूत चुकीची निघाली, नाव तेच राहिलं.

बाबा हसले. त्यापेक्षा आपला प्राणवायू बरा, म्हणाले.

तेवढ्यात वीज गेली. मशीन बंद पडून बझर वाजायला लागला. कोपऱ्यात सिलिंडर होता, पण त्याची चावी माझ्या हातातून निसटत होती. नळी जोडेपर्यंत बाबांची नखं निळसर झाली. खिडकी सताड उघडी होती, बाहेर वारा होता, आणि त्यांना श्वास मिळत नव्हता.

सिलिंडर सुरू झाल्यावरही धाप लवकर बसेना. डॉक्टरांनी फोनवर प्रवाह वाढवायला सांगितलं. आणखी काय करू, विचारलं तर म्हणाले, जवळ बसा.

मी पाठीवरून हात फिरवत राहिले. रडू आवरत नव्हतं. बाबा दमले की अहिराणीत बोलत.

“तू तरी काय करशी, माय?”

मग त्यांनी धडा पुढे वाचायला सांगितला. पुढचा शब्द ‘क्षपण’ होता, ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया. मी समजावू लागले, तर त्यांनी हात वर केला.

“क्षपण म्हणजे झिजवणं. हा मला येतो.”

दिवाळीच्या आधी ते गेले, घरीच, सकाळी. त्या दिवशी वीज होती, मशीन चालू होतं, कशातच बिघाड नव्हता. मी हात धरून बसले होते.