मागल्या सीटचे मामा

ज्याला मोटार चालवता येत नाही, ज्याने आयुष्यात स्वतःची सायकलसुद्धा विकत घेतली नाही, आणि तरीही मोटारीच्या बाबतीत ज्याचा शब्द अखेरचा मानावा असा माणूस सबंध सोलापुरात एकच आहे. आणि तो माझ्या पत्नीचा सख्खा मामा आहे. हे वाक्य मी पूर्वी संकोचाने उच्चारत असे, मध्यंतरी काही महिने भीतीने, आणि आता उच्चारतो ते थोड्या नम्रतेने. मामा चौतीस वर्षे एसटीत कंडक्टर होते. त्यातली बहुतेक वर्षे सोलापूर–दुधनी या एकाच रस्त्यावर गेली. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, पण नोकरी त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. कुठल्याही खोलीत शिरले की आधी ओठांतल्या ओठांत माणसे मोजतात. मोजणी जुळल्याशिवाय चहा घेत नाहीत. पाहुणा आला की कसे आहात असे न विचारता "कुटं उतरणार?" असे विचारतात. माझ्या पत्नीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा भेटायला आलेल्या नातेवाइकांची दारात दाटी झाली होती. मामांनी मागून शांतपणे सांगितले, "म्होरं सरका, म्होरं मोकळं हाय." म्होरं म्हणजे जिथे ती निजली होती तो पलंग. नर्सबाई थिजून उभ्या राहिल्या. मी भिंतीकडे तोंड केले.

त्या शस्त्रक्रियेबद्दल मला सांगितलेच पाहिजे, कारण गाडीची सगळी कथा तिथून सुरू होते आणि तिचा दोष माझ्याकडे आहे. ही कित्येक महिने कंबर दुखते म्हणत होती, आणि मी घरात बसून बसून दुखत असेल असे उत्तर देत होतो. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात अधीक्षक असल्यामुळे समोरच्याचे म्हणणे पूर्ण होण्याआधी त्याचा निकाल देण्याची मला सवय आहे. एका सकाळी मला कार्यालयात आणि हिला त्याजवळच्या मंडईत जायचे होते; कुलूप दोनदा तपासण्यात हिने वेळ घालवला, म्हणून मी रागावलो होतो आणि सात रस्ता चौकाच्या अलीकडचा गतिरोधक स्कूटरचा वेग कमी न करता ओलांडला. मागून एक लहानसा आवाज आला. कार्यालयापाशी स्कूटर थांबवली, तेव्हा तिला उतरता येईना. पुढे डॉक्टरांनी बजावले की हादरा अजिबात नको, रिक्षा नको, बस नको. मोटार घ्यायची तर बसताना वाकावे लागेल अशी ठेंगणी नको, कमरेच्या उंचीची सीट हवी. हिची आई दुधनीला असते. ऐंशीच्या पुढची, तिला प्रवास झेपत नाही. चौदा महिने मायलेकींची भेट नव्हती. मोबाइलवर बोलताना आईला फोन धरता येत नसे, त्यामुळे हिला तिकडे नुसते कपाळ दिसायचे. फोन ठेवल्यावर ही एवढेच म्हणायची की आई आहे तोवर एकदा जायला हवे. माझ्या ऐपतीत नवी गाडी बसत नव्हती. म्हणून जुनी, फार मोठी नाही आणि फार लहान नाही, अशी घरगुती एसयूव्ही शोधायचे ठरले, आणि मामांनी ते काम स्वतःहून अंगावर घेतले.

सात रस्त्याजवळ जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे नसीरभाई म्हणून एक गृहस्थ आहेत. पहिली गाडी आम्ही त्यांच्याकडे पाहिली. त्यांनी मोठ्या हौसेने बॉनेट उघडले, इंजिन दाखवले, टायरवर थाप मारली. मामांनी त्यातल्या कशाकडेही पाहिले नाही. चपला बाहेर काढून ठेवल्या, मागच्या सीटवर मांडी घालून बसले, पिशवीतून थर्मास काढला, धोतराच्या सोग्याने एक काचेची बशी पुसली, तिच्यात काठोकाठ चहा ओतला आणि ती तळहातावर धरून "चला" म्हणाले. सीटची आवरणे मलईच्या रंगाची होती. नसीरभाई आधी माझ्याकडे, मग बशीकडे पाहत राहिले. पहिल्याच गतिरोधकावर मामांनी निकाल दिला, "सांडला." तो कुठे सांडला हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

यानंतरच्या चार महिन्यांत मी इतक्या वेळा हादरलो की त्याचा हिशेब ठेवणे सोडून दिले. एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या गाडीत मामा मागे आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले; बराच वेळ हालचाल दिसेना, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी घाबरून पाणी आणवले. मामांनी डोळे उघडून सांगितले, "झोप लागली न्हाय. गाडी न्हाय जमायची." दुसऱ्या एका ठिकाणी ते डिकीत शिरून बसले आणि आतून झाकण लावायला सांगितले, कारण चाकाचा आवाज तिथून स्पष्ट ऐकू येतो म्हणे. विजापूर रस्त्याला राहणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तर त्यांनी कहर केला. गाडी चकचकीत होती. कंत्राटदार तिच्या आरामाचे वर्णन करीत होते. ओसरीवर त्यांची आई गहू निवडत बसली होती. मामांनी तिच्याशेजारी जाऊन विचारले, "आजी, ह्या गाडीत तुमी कुटं बसता? मागं का म्होरं?"

"मला कुटं नेत्यात बाबा," म्हातारी सुपावरून मान वर न करता म्हणाली.

कंत्राटदारांचा चेहरा उतरला. मामांनी म्हातारीला नमस्कार केला आणि चपला घातल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांना, माझ्या मते अत्यंत संयमाने, सांगितले की आपण गाडी पाहायला गेलो होतो, लोकांच्या घरात डोकावायला नव्हे. मामा म्हणाले, "ज्या गाडीत कोण मागं बसलंच न्हाय, तिचा आराम ह्यो मानूस कशावरनं सांगतोय?" मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही.

अकरा गाड्या झाल्या. अकराही सांडल्या. नसीरभाईंनी एक दिवस मला बाजूला घेऊन हळूच म्हटले, "साब, मामू को घर में बिठाके आव ना. गाडी लेना है, के चाय पीने का है?" ते हसून म्हणाले होते, परंतु ते वाक्य माझ्या मनात रुजले. मला वाटू लागले की मामांना गाडी घ्यायचीच नाही. रोज पिशवी घेऊन हिंडायला मिळते, माणसे भेटतात, यातच त्यांचा जीव रमला आहे, आणि माझी पत्नी तिकडे खिडकीशी दिवस मोजते आहे. माणूस स्वतःच्या अपराधाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर किती चटकन ठेवतो, हे मला त्या वेळी कळायला हवे होते.

मामा दोन दिवसांसाठी दुधनीला गेले, तेव्हा मी एकटाच नसीरभाईंकडे गेलो. शुभ्र पांढरी, उंच, छपराला काच असलेली गाडी होती. मी होटगी रस्त्यापर्यंत चालवून पाहिली. गाडी जणू पाण्यावरून चालली होती. नसीरभाईंनी विश्वासाने ती दोन दिवस घरी नेऊन पाहायला दिली. मी बॉनेटवर झेंडूची माळ घातली आणि हिला खाली आणले. ही जपून मागे बसली, काचेतून वर आकाशाकडे पाहून हसलीसुद्धा. पहिल्या गतिरोधकावर ती काही बोलली नाही. दुसऱ्यावरही नाही; गाडी आवडली असावी, असे मी समजलो. तिसरा ओलांडला आणि ती म्हणाली, "अहो, थांबवा."

मी वळून पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हात सीटवर रोवलेले होते. त्यानंतर ती आठ दिवस उठली नाही.

मामा परत आले. मी बोलणी खाण्याच्या तयारीत होतो. त्यांनी भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, अंगणातल्या गाडीला एक फेरी मारली आणि नसीरभाईंना बोलावून घेतले. नसीरभाई चालवायला बसले. मी सवयीने पुढचे दार उघडले, तर मामांनी ते लावून टाकले.

"आज चहा न्हाय," ते म्हणाले. "आज तुमी."

मी मागे बसलो, हिच्याच जागेवर; मामा शेजारी. जुळे सोलापूर या आमच्या वस्तीतून निघून तेच तीन गतिरोधक आम्ही त्याच वेगाने ओलांडले. पहिल्यावर माझी दातखीळ बसली. दुसऱ्यावर पुढचे चाक उतरल्यावर सुटलो असे वाटले तोच मागचे चाक खालून लाथ मारावी तसे आदळले. पुढे बसलेल्या नसीरभाईंचे खांदेसुद्धा हलले नव्हते. तिसरा दुरून दिसला, तेव्हा मी, पंचावन्न वर्षांचा गृहस्थ, मामांच्या मनगटाला घट्ट धरून बसलो होतो. मग माझ्या ध्यानात आले की लग्नापासून आजतागायत, स्कूटर असो वा कार्यालयाची जीप, मी कुणाच्याही मागे कधी बसलेलो नाही. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलो आहे असे मला वाटत नाही.

मामा मात्र रागावले नाहीत. माझा हात न सोडवता म्हणाले, "डायवरला गाडी कळत न्हाय, जावईबापू. त्येच्या हातात धरायला ष्टेरिंग असतंय. खड्डा आधी दिसतोय त्येला. मागच्याला काय दिसतंय?"

पांढरी गाडी त्याच संध्याकाळी परत गेली. पुढे तीन आठवड्यांनी मामांनी एक विटकरी रंगाची, नऊ वर्षे वापरलेली, दोन ठिकाणी पोचे आलेली एसयूव्ही शोधून काढली. ती यंत्रमागाच्या व्यवसायातल्या एका तेलुगू कुटुंबाची होती. घरातल्या वृद्ध वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागे. त्यांच्यासाठी ती गाडी घेतलेली होती. वडील गेले आणि गाडी दारात उभी राहिली. त्यांच्या थोरल्या मुलाने चालवली. मामांच्या बशीतला चहा हलला, काठाला लागला, पण सांडला नाही. आपण कमी ओतला असावा अशा शंकेने मामांनी पुन्हा काठोकाठ ओतला. तरी सांडला नाही. तेव्हा मामांनी ती बशी तोंडाला लावली, आणि त्या मुलाला म्हणाले, "लई जपलासा म्हाताऱ्याला." मुलाने आरशातून मागच्या जागेकडे एकदा पाहिले. मग मामा माझ्याकडे वळून म्हणाले की चहा सांडला नाही यात अर्धी गाडी आहे आणि अर्धा हा पोरगा. गाडी विकत मिळते, पोरगा मिळत नाही; त्याचे चालवणे तुम्ही शिकून घ्या. मी दोन सकाळी त्या तरुणाकडे गेलो आणि गतिरोधकावर गाडी कशी चढवावी व कशी उतरवावी हे विद्यार्थ्यासारखे शिकलो.

दुधनीला पोहोचायला आम्हाला साडेतीन तास लागले. ही स्वतःच्या पायांनी उतरली आणि दारात उभ्या असलेल्या आईला तिने मिठी मारली. तो क्षण मी लिहीत नाही, तो त्या दोघींचा आहे. जेवणानंतर म्हातारीने हट्ट धरला की लेकीला घेऊन आली ती गाडी मलाही बघायची. मामांनी तिला हाताला धरून मागे, आधीच बसलेल्या लेकीजवळ बसवले आणि दार लावू लागले. तिने आतून सीट चाचपली, गादीवर दोनदा हात आपटला आणि मला म्हणाली, "ह्यो कंडक्टर झाला, तवापासनं मला कंदी चांगल्या शिटावर बसू दिलं न्हाय, ठावं हाय का? बहिणीला जागा दिली म्हन्तील लोकं, म्हनून मागल्या चाकावरची शीट माझी. ह्या पोरीच्या येळंला सातवा म्हयना हुता, तवाबी तितंच."

ती हसत सांगत होती. तिच्या स्वरात तक्रारीचा लवलेश नव्हता. परंतु मी मामांकडे पाहिले आणि जागच्या जागी गारठलो. दारावर हात ठेवून ते तसेच उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला ओळखीचे होते. शस्त्रक्रिया झाल्यापासून मी दाढी करताना आरशात तेच पाहत होतो.

"तम्मा, आत ये की," बहीण म्हणाली. त्या बाजूला धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मामा आत शिरले आणि बहिणीला बिलगून बसले. मी गाडी सुरू केली. गावातून बाजाराच्या रस्त्याने निघालो. कुणाला कुठे जायचे नव्हते. पहिला गतिरोधक आला. त्या तरुणाने शिकवल्याप्रमाणे मी जवळजवळ थांबून, एकेक चाक हळूच उतरवले. मागून मामांचा आवाज आला. इतक्या खालच्या स्वरात त्यांना बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

"आक्का, लागतंय का?"

"न्हाय रे," म्हातारी म्हणाली. एवढ्या वर्षांनी विचारलेल्या प्रश्नाला तिने एवढेच उत्तर दिले, आणि भावाला ते पुरले की नाही हे मला समोरच्या रस्त्यामुळे पाहता आले नाही. तेव्हा माझ्या मनात आले की गाडी झाली, शिकणे झाले, साडेतीन तासांचा प्रवास झाला, पण हा साधा प्रश्न मी अजून माझ्या माणसाला विचारलेला नाही. शब्द बाहेर पडायला मला पुढचे दोन चौक लागले.

"तुला लागतंय का गं?"

ती लगेच ‘नाही’ म्हणाली असती, तर मला बरे वाटले असते.

"थोडं लागतंय," ती म्हणाली. "चला तुम्ही, सावकाश."